कागदावरची एक ओळ

सीडी ड्राइव्हनं ती तबकडी चौथ्यांदा बाहेर ढकलली तेव्हा मी तिच्यावरून बोट फिरवलं. बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. हुंगून पाहिलं. हळद होती. कडेला तांदळाचा एक दाणाही चिकटलेला होता.

"आक्का," मी हाक मारली, "ह्या सीडीला काय केलंत?"

"काय करीन? पूजा केली," स्वयंपाकघरातून उत्तर आलं. "खंडेनवमीला तूच दिलीस न्हवं? मशीनचं जे आसंल ते ताटात ठेवा म्हणालास."

"हळद कुठल्या बाजूला लावलीत?"

"चकचकीत बाजूला. तोंड तिकडंच आसणार की त्याचं."

विंडोजची सीडी मीच दिली होती, पाकिटासकट. ती पाकिटातून बाहेर काढून तिला ओलं गंध, हळद, कुंकू आणि अक्षता लावतील, वर झेंडूचं फूल ठेवतील आणि दुसऱ्या दिवशी सगळं तसंच पाकिटात घालतील, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता दसऱ्याला महिना उलटून गेला होता. शेवंताक्कांनी माझ्या हातातून सीडी घेतली आणि दोन मिनिटांत घासणीनं लखलखीत करून परत आणून दिली. त्यानंतर तो विषयच संपला.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची, मिरजेतली. मी जन्मापासून आंधळा आहे. शेवंताक्कांच्या घरात पुढच्या खोलीत भाड्यानं राहायचो आणि मगदूम नावाच्या दुकानदाराकडून घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर टायपिंगचा सराव करायचो. त्यात एक बोलकं सॉफ्टवेअर होतं. पडद्यावर जे असेल ते इंग्रजीत वाचून दाखवायचं. शुक्रवारी संध्याकाळी ते एका शब्दाच्या मध्यात थांबलं ते थांबलंच. परत चालू केलं की पंखा फिरायचा, पण विंडोज सुरू झाल्याची धून वाजायची नाही. विंडोज नव्यानं टाकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आणि सोमवारी माझी परीक्षा होती. एका बँकेत कारकुनाची एक जागा अंधांसाठी राखीव होती. लेखी परीक्षा मी पास झालो होतो. आता कोल्हापूरला टायपिंगची चाचणी, मिनिटाला तीस शब्द. माझे सत्तावीस व्हायचे, फार तर अठ्ठावीस. वयाची अट त्याच डिसेंबरात संपत होती, म्हणजे परत बसता येणार नव्हतं. नापास झालो तर गावी जाऊन मावसभावाचा टेलिफोन बूथ सांभाळायचा, असं वडिलांनी ठरवून ठेवलं होतं. दोन हजार नऊ साली त्या बूथवर दिवसाला चार माणसं यायची, त्यातली दोन सुट्टे मागायला. मला त्या काचेच्या खोक्यात बसायचं नव्हतं. दुसरं काहीही चाललं असतं.

शनिवारी सकाळपासून मी मगदूमला फोन लावत होतो. तो कुणाच्या तरी वास्तुशांतीला गेला होता आणि उचलत नव्हता. मग मला आठवलं, मशीन देताना तो म्हणाला होता, बिघडलं तर घाबरू नका, काय करायचं ते कॉम्प्युटरच्या डब्याच्या बाजूला कागदावर लिहून चिकटवलंय.

"आक्का, जरा इकडं येता? एक कागद वाचायचाय."

वाचायचं काम शेवंताक्कांकडेच असायचं. खोली घेताना वडिलांनी विचारलं होतं, ह्याला पत्रं, पेपर वाचून दाखवायला कुणी आहे का. "मी हाय की," आक्का म्हणाल्या होत्या. "सातवी झालीय माझी." दवाखान्यात तीस वर्षं आया म्हणून काम करून त्या निवृत्त झाल्या होत्या. नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. दोन वर्षं रोज दुपारी चार वाजता त्या पेपर घेऊन माझ्या दारात बसायच्या. पेपर वाचताना त्यांची भाषा बदलायची, एकदम बातम्यांची व्हायची. पानं उलटल्याचे आवाज यायचे. पेपर मला फार आवडायचा. मुख्यमंत्र्यांना तो दोन ओळींत उरकायचा, पण आमच्या बोळातल्या नळाला तीन दिवस पाणी नाही ही बातमी सविस्तर द्यायचा. शेजारच्या गल्लीतल्या म्हशीच्या चोरीचा तपास तर त्यानं आठवडाभर लावून धरला होता. स्थानिक बातम्यांना इतकी जागा देणारा पेपर मी नंतर कधी ऐकला नाही.

आक्का चष्मा लावून डब्याशी वाकल्या.

"सूचना," त्यांनी पेपरच्या आवाजात सुरुवात केली. "एक. मशीनवर पाणी सांडू नये. दोन. लहान मुलांस हात लावू देऊ नये. तीन. विजा चमकत असताना बंद ठेवावे. चार. उंदरांपासून जपावे. पाच. रोज कोरड्या फडक्याने पुसावे."

"विंडोज परत टाकण्याबद्दल काही लिहिलंय?"

कागदावरून नख सरकल्याचा आवाज आला.

"सहा. बिघाड झाल्यास दुकानदारास भेटावे."

दुपारी दोनला दुकानदार फोनवर भेटला. पाठीमागे पंगत चालू होती.

"सीडी खराब झाली," मी म्हणालो.

"होऊ दे की. सीडी लागतच न्हाई त्याला," मगदूम म्हणाला. "सगळी विंडोज मशीनच्या पोटातच हाय, कंपनीनंच एका कोपऱ्यात लपवून ठेवलेली. कागदावर लिवलंय न्हवं मी?"

"कागद वाचला. त्यात पाणी सांडू नये, उंदरांपासून जपावे असं आहे."

"कसले उंदीर?"

"सहा सूचना आहेत."

"ओ भालचंद्र, एकच ओळ हाय तिथं. चालू करताना एफ अकरा दाबा. बास. माझ्या हातानं लिवलंय. पेन संपत आलं होतं म्हणून दोनदा गिरवलंय."

मी हात लांबवून डब्यावरचा कागद चाचपला. त्याला वाटलं फोन कटला.

"हालो? आणि ऐका, वाचणारं कुणीतरी शेजारी घेऊन बसा. तेवढा वेळ मशीन बोलणार न्हाई. एफ अकरानं सगळं पुसून पहिल्यासारखं होतंय, पण मधेच चुकीच्या ठिकाणी दाबलासा तर अर्ध्यात अडकंल. मग माझ्याच्यानं पण न्हाई व्हायचं ते." एवढं बोलून तो जिलेबीकडे वळला.

मी फोन मांडीवर ठेवून बसलो. एक ओळ. मला आधी म्हैस आठवली. मग आमच्या बोळातला नळ, नगरसेवकाची खरडपट्टी काढणारा अग्रलेख, बेदाण्याचे भाव, आणि गेल्या दिवाळीत पहिल्या पानावर आलेली चकलीची पाककृती. दोन वर्षं रोज पाऊण तास ह्या बाईनं मला पेपर रचून सांगितला होता, पानं उलटत. मला हसू यायला हवं होतं. आलं नाही, कारण लगेच दुसरी गोष्ट आठवली. परीक्षेचं पत्र रजिस्टरनं आलं होतं आणि तेही आक्कांनीच वाचलं होतं. सोमवार, दोन नोव्हेंबर, सकाळी आठ वाजता, कोल्हापूर.

"काय म्हणाला मगदूम?" आक्का दारात उभ्या होत्या.

"पडदा वाचायला कुणीतरी हवंय म्हणाला."

"मग चल की. काय वाचायचं ते सांग." त्या स्टूल ओढून बसल्यासुद्धा. पदरानं चष्मा पुसत असाव्यात.

वाचणारी माणसं गल्लीत होती. कोपऱ्यावर औषधाचं दुकान होतं. पण कुणालाही बोलावलं असतं तर आक्कांना काहीतरी कारण सांगावं लागलं असतं, आणि खरं कारण सोडून मला एकही सुचत नव्हतं. मी मशीन चालू केलं आणि एफ अकरा दाबत राहिलो.

"काय दिसतंय?"

"निळं हाय."

"अक्षरं आहेत?"

"हायत."

"कुठली?"

स्टूल पुढं सरकल्याचा आवाज आला. "इंग्लिश हायत रे. आमच्या वेळंला सातवीला इंग्लिश नव्हतं."

"बरं. कशी दिसतात?"

"एक हाय ते... दोन खांब उभे. मधी तिरकी पट्टी."

मला त्याचा काही उपयोग नव्हता. इंग्रजी मी ब्रेलमधून शिकलेलो. ठिपक्यांनी सगळी अक्षरं मला येतात, पण डोळस माणसांचं अक्षर कसं दिसतं ते मी कधी पाहिलेलं नाही. त्या पडद्यासमोर एकाला अक्षरं माहीत होती पण दिसत नव्हती, आणि दुसरीला दिसत होती पण माहीत नव्हती. पंखा फिरत होता.

"थांब," आक्का म्हणाल्या. "हे खांबवालं ह्या बटणांवर पण हाय की."

त्यांनी माझं बोट धरलं आणि कीबोर्डवर एका बटणावर टेकवलं. एन.

"आणि त्याच्या पुढचं?"

"पुढची बारकी हायत, ती बटणांवर न्हाईत. पहिलंच मोठं हाय. शेजारी दुसरी चौकट हाय, तिच्यात हे." बोट उचललं, दुसरीकडे टेकवलं. सी.

नेक्स्ट आणि कॅन्सल. दोन वर्षांत आक्कांनी खरोखर वाचलेली ही पहिली गोष्ट होती.

"आक्का, हे कसं सुचलं तुम्हाला?"

"त्यात काय सुचायचं? दवाखान्यात बाटल्या अशाच काढून द्यायची मी. डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं आणि बाटलीवरचं ताडून बघायचं. सारखं दिसलं की द्यायची. तीस वर्षांत एक बाटली चुकली न्हाई."

मी एन वर गेलो आणि एंटर दाबलं. पडदा बदलला. ह्या वेळी वर लाल रंगात बराच मजकूर असल्याचं आक्कांनी सांगितलं, म्हणजे सगळं पुसलं जाईल हा इशारा असणार. खाली दोन चौकटी.

"पहिली?"

बोट सी वर.

"दुसरी?"

बोट परत सी वर.

"नीट बघा."

"नीटच बघतीया. दोन्ही हेच हायत. अर्धी बांगडी."

मी हात मागं घेतला. एक कॅन्सल असणार, दुसरं कंटिन्यू. एकावर दाबलं तर काम होईल, दुसऱ्यावर दाबलं तर मगदूम म्हणाला तसं होईल. मी मनातल्या मनात दोन्हींची स्पेलिंगं म्हटली.

"आक्का, पहिल्या चौकटीत अक्षरं किती ते मोजा. बारकी धरून."

"सहा."

"दुसरीत?"

त्या पुटपुटत मोजत होत्या. मग परत पहिल्यापासून मोजलं. "आठ."

"आठवाल्या चौकटीभोवती रेघ आली की सांगा."

मी टॅब दाबला. "आली," त्या म्हणाल्या. मी एंटर दाबलं आणि मशीनच्या पोटातली तबकडी घरघरायला लागली.

पुढची चाळीस मिनिटं पडद्यावर नुसते आकडे होते. आक्का एकेक वाचत होत्या. बारा. तेरा. सतरा. एकोणतीसला बराच वेळ अडलं तेव्हा त्या पडद्याला म्हणाल्या, "चल की मर्दा." मग मला म्हणाल्या, "आकडे तरी मला पक्के येत्यात."

तिसाचा आकडा आला तेव्हा त्यांनी तो जरा मोठ्यानं वाचला.

पाचच्या सुमाराला विंडोजची धून वाजली. बोलक्या सॉफ्टवेअरचा पेन ड्राइव्ह माझ्याकडे होता आणि ते टाकायच्या कळा मला पाठ होत्या. ते काम मी एकट्यानं केलं. मशीन बोललं तेव्हा आक्का दचकल्या. नव्यानं टाकल्यावर आवाज पहिल्यापेक्षा घोगरा यायला लागला होता.

"सर्दी झालीया त्याला," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला गेल्या. पेपरची वेळ टळून गेली होती. त्या दिवशी त्यांनीही पेपर काढला नाही.

रविवारी दिवसभर मी टाइप करत होतो. सकाळी एकोणतीस झाले. पण डोक्यात ते पत्रच होतं. दोन नोव्हेंबर खरं की म्हशीच्या चोरीसारखं? परीक्षा झालीही असेल, पुढच्या महिन्यात असेल, कोल्हापूरऐवजी साताऱ्याला असेल. अकरा वाजता मी पत्र खिशात घालून काठी घेतली आणि कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो.

"बोला," दुकानदार म्हणाला.

हात खिशात होता. पत्र बाहेर काढायचं, एवढं वाचून दाखवा म्हणायचं, झालं. तो लगेच म्हणाला असता, का हो, आज शेवंताक्का घरी नाहीत? संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं असतं. ज्या गल्लीत त्या सातवी पास म्हणून ताठ मानेनं वावरायच्या, त्या गल्लीला.

"डोकेदुखीची गोळी द्या," मी म्हणालो.

ह्यात हुशारी काही नव्हती. परत येताना मला स्वतःचाच राग येत होता. एका बाईची अब्रू राखायला मी नोकरी पणाला लावत होतो, आणि ते तिला सांगूही शकत नव्हतो. ती गोळी मात्र मला खरोखर घ्यावी लागली.

सोमवारी पहाटेची पहिली एसटी. आक्का स्टँडपर्यंत आल्या आणि कंडक्टरला दोनदा बजावून गेल्या. कोल्हापुरात रिक्षा केली. पत्रातल्या पत्त्यावर कॉम्प्युटरची संस्था निदान होती. पावणेआठला मी फाटकात उभा होतो.

"टायपिंगची परीक्षा आजच आहे ना?" मी वॉचमनला विचारलं.

"आजच हाय."

मी फाटकाचा गज धरून ठेवला.

"पण दहाला हाय," तो म्हणाला. "आठला कोण येतंय?"

तारीख बरोबर, गाव बरोबर, वेळ चुकली. उलट्या बाजूनं चुकली असती तर? आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग राग आला. एवढं पोरखेळ करण्यासारखं होतं का ते पत्र? मी पायरीवर बसलो. सव्वाआठला संस्थेच्या शिंत्रे मॅडम कुलूप उघडायला आल्या.

"तुम्ही अंध उमेदवार ना? तुमची सोय केलेली आहे," त्या म्हणाल्या. "लेखनिक देणार आहोत."

"टायपिंगच्या परीक्षेला लेखनिक?"

"हो."

"मग टायपिंग कोण करणार?"

"तोच करेल," त्या म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता.

बोलणारं सॉफ्टवेअर त्यांच्या एकाही मशीनवर नव्हतं. पेन ड्राइव्ह माझ्या खिशात होता. पण संस्थेच्या मशीनवर बाहेरचं काही टाकायचं तर मालकाची परवानगी हवी. मालक पूजेत होते. पूजा आटोपल्यावर ते म्हणाले, बँकेला विचारा. बँकेचे साहेब गाडीत होते, त्यांना रेंज नव्हती. पावणेदहाला ते पायऱ्या चढत असताना मॅडमनी त्यांना गाठलं. ते म्हणाले, चालेल, पण दहाला सुरू म्हणजे सुरू, एका माणसासाठी थांबता येणार नाही. दहाला पाच मिनिटं कमी असताना मशीन बोललं. तोही घोगराच आवाज होता, पण मला ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं.

एकतीस शब्द. निकाल तिथंच सांगितला.

मिरजेला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आक्का चुलीपुढे भाकरी थापत होत्या. मी उंबऱ्यावर बसून सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या, पण भाकरीवरचा हात थांबला नाही. पास झालो म्हटल्यावर फक्त एकदा थाप चुकली, म्हणजे हात जोडले असावेत.

"आक्का," मी म्हणालो, "त्या पत्रात वेळ किती लिहिली होती?"

"दहा."

मी चमकलो. त्यांनी जरासुद्धा वेळ घेतला नव्हता.

"तुम्हाला माहीत होतं?"

"पोस्टमनकडनं तीनदा वाचून घेतलं होतं. दहा."

"मग मला आठ का सांगितलंत?"

तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज आला. त्यांनी ती पाणी लावून उलटली.

"परकं गाव. तुला दिसत न्हाई. तिथं तुझ्यासाठी कुणी काय मांडून ठेवलं आसंल आसं मला वाटलं न्हाई. दोन तास हाताशी आसलेले बरे."

"पण पत्रात असेल तेच वाचायचं असतं, आक्का."

"ज्याला वाचता येतं त्यानं दहा वाचावं," आक्का म्हणाल्या. "मला कुटं वाचता येतंय? हात धू, भाकरी गार व्हाय लागलीया."